आधी मोजे काढा, टाचा बघा

डिसेंबरातली गोष्ट. मी नर्स होते त्या शुश्रूषा केंद्रात एक आजोबा आले, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मधुमेह जुना, अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली. कातडी मात्र धडधाकट, कुठे लालसुद्धा नाही. मीच डोक्यापासून पायापर्यंत तपासून फाइलवर तसं लिहिलं होतं. एअर बेड लावला. दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता खाटेला अडकवला. थंडी फार म्हणून मुलीने लोकरीचे मोजे आणून दिले. रोज अंग पुसून घेत होते, पण पायातले मोजे तसेच राहत होते. नवव्या दिवशी मी मोजे काढले, तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग.

एअर बेडने पाठ वाचवली होती. टाच मात्र दिवसरात्र गादीवर टेकलेली, त्या दाबानेच जखम झाली. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे दुखतंय असं ते कधी म्हणालेच नाहीत. ती जखम भरायला चार महिने लागले. त्या नऊ दिवसांत मुलगी चार वेळा येऊन गेली होती. वडिलांना चिकू भरवायची, दाढी करायची, बोलत बसायची. पाय बघायचे असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि बघणं हे माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून काढल्यावर मी पुण्यात सिंहगड रस्त्याला एका बंगल्यातल्या सोळा खाटांच्या शुश्रूषा केंद्रात सात वर्षं नर्सिंगचं सगळं सांभाळलं. जागा बघायला येणारी माणसं पुढचं अंगण बघायची, देवघर बघायची, टीव्ही किती मोठा आहे ते बघायची. आई-वडिलांना घराबाहेर ठेवायचं या विचाराने आधीच मन खात असतं, त्यामुळे नजर आपोआप सुखावणाऱ्या गोष्टींवर जाते. मी त्यांना दोष देत नाही. पण चांगलं केंद्र ओळखायचं तर नजर कुठे टाकायची हे ठरवून जायला हवं. ते मी इथे सांगते.

कधी जायचं

पहिली भेट वेळ ठरवून द्या, मालकांशी नीट बोला. दुसरी भेट न सांगता द्या. त्यासाठी दोन वेळा चांगल्या. एक, दुपारच्या जेवणाची, साडेबारा ते दोन. दुसरी, संध्याकाळी ड्यूटी बदलते ती, बहुतेक ठिकाणी सात-आठच्या सुमाराला. रविवार दुपार मिळाली तर फारच उत्तम, कारण त्या दिवशी माणसं कमी असतात आणि केंद्राचं खरं बळ कळतं.

आत शिरल्यावर नाकाचं ऐका. एका खाटेपाशी लघवीचा वास आला तर बिघडलं नाही, तिथे आत्ताच डायपर बदलायचा असेल. सगळ्या घरभर, पडद्यांना, गाद्यांना तो वास मुरलेला असेल तर मात्र तो बऱ्याच दिवसांचा आहे. आणि भरदुपारी फिनेलचा नाहीतर रूम फ्रेशनरचा डोकं उठवणारा वास आला तर तोही मला आवडत नाही. स्वच्छ घराला कसलाच वास नसतो, फार तर वरणाला दिलेल्या फोडणीचा.

दुपारी चार-साडेचारला चक्कर टाकली आणि सगळेच्या सगळे गाढ झोपलेले दिसले, तर चौकशी करा. वयस्कर माणसं दुपारी डुलकी काढतात, पण सोळापैकी सोळा चारला झोपत नाहीत. कुणाचे हात खाटेच्या दांडीला बांधलेले दिसले तर तिथल्या तिथे विचारा, का बांधले, कुणी सांगितलं, दिवसात किती वेळ सोडता. "नळी ओढतात म्हणून" हे उत्तर तुम्हाला मिळेल. नाकातली किंवा लघवीची नळी ओढणारा पेशंट अवघड असतो हे मला चांगलं ठाऊक आहे. पण त्याच्या हातात रुमालाची गुंडाळी देता येते, शेजारी कुणाला बसवता येतं, नळीची खरंच गरज आहे का हे डॉक्टरांना पुन्हा विचारता येतं. ज्या केंद्राने यातलं काहीच करून पाहिलं नाही आणि थेट पट्टी बांधली, तिथे माणूस ठेवू नका.

न बोलणाऱ्या माणसाकडे बघा

हसरे, हिंडते-फिरते आजी-आजोबा पुढच्या खोलीत बसलेले असतात. तुमच्याशी गप्पा तेच मारणार. त्यांची काळजी घेणं तुलनेने सोपं, कारण तहान लागली की ते मागतात. तुम्ही परवानगी घेऊन मागच्या खोलीत जा, जिथे काहीच मागू न शकणारी माणसं आहेत.

परक्या माणसाच्या अंगावरची चादर काढायला जाऊ नका, पण बघण्यासारखं पुष्कळ उघडं असतं. ओठ आणि जीभ बघा. सुकलेली, पांढरट थर चढलेली जीभ म्हणजे पाणी कमी जातंय नाहीतर तोंड पुसलं जात नाही. नखं बघा. अर्धांगवायूच्या माणसाची मूठ वळलेली असते. ती मूठ आतून कधी उघडून धुतली जाते का, हे मी नव्या मावशीला पहिल्या दिवशी विचारायचे. न धुतलेल्या मुठीला आंबूस वास येतो आणि नख तळव्यात रुतून जखम होते. तुमचं माणूस तिथे राहायला लागलं की त्याची मूठ तुम्ही स्वतः हलकेच उघडून बघा.

पाण्याचा पेला कुठे आहे तेही बघा. नुसता असून उपयोग नाही. डावी बाजू गेलेल्या माणसाच्या डाव्या हाताला पेला ठेवलेला मी किती ठिकाणी पाहिलाय! बेलचं बटणही त्याच बाजूला लटकलेलं. लघवीची पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता अडकवलेली हवी. फरशीवर लोळत असेल किंवा माणसाच्या मांडीवर ठेवलेली असेल तर त्या केंद्रात साध्या गोष्टी शिकवलेल्या नाहीत.

जेवणाच्या वेळी थोडा हिशेब करा. हाताने भरवावं लागणाऱ्या एका माणसाला नीट जेवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. असे आठ जण असतील आणि भरवणाऱ्या मावशी दोन, तर सगळ्यांचं जेवण व्हायला दीड तास तरी हवा. अर्ध्या तासात ताटं उचलली गेली तर कुणीतरी उपाशी राहिलं, किंवा कुणाच्या तोंडात घास कोंबला गेला. मावशी बसून भरवते की उभी राहून, तेही बघा. उभी असलेल्या मावशीकडे बघायला माणूस मान वर करतो आणि मान वर करून गिळलं की ठसका लागतो. आडव्या माणसाला भरवणं तर अजिबात नको. घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो आणि म्हातारपणी त्यातून उठणं कठीण. पाठीला टेकू देऊन बसवून भरवायचं आणि नंतर अर्धा तास तरी तसंच बसू द्यायचं. नाकातून नळी असेल तरी डोक्याकडची बाजू उचललेलीच हवी.

रात्रीचा प्रश्न

"रात्री किती माणसं असतात?" असं सगळे विचारतात आणि "दोघं असतात" असं उत्तर ऐकून समाधान मानतात. तुम्ही विचारा, "रात्री किती जण जागे असतात?"

कारण साधं आहे. पूर्ण अंथरुणाला खिळलेले सहा पेशंट धरा. एकाची कूस बदलायची, ओलं असेल तर डायपर बदलायचा, उशी लावायची, याला सहा-सात मिनिटं जातात आणि दोन माणसं लागतात. म्हणजे पाऊण तासाची एक फेरी, दर दोन तासांनी. एकटी मावशी सत्तर किलोच्या माणसाला उचलू शकत नाही, ती ओढते. ओढलं की खालची चादर कातडी सोलते. माकडहाडावरच्या बऱ्याच जखमा नुसत्या पडून राहिल्याने होत नाहीत, अशा ओढण्याने त्यांची सुरुवात होते.

कूस बदलल्याचा तक्ता मागून बघा. तो सगळीकडे छान भरलेला असतो, म्हणून भरलेल्या रकान्यांवर जाऊ नका. पुढचे रकाने बघा. साडेअकरा वाजलेत आणि बाराची सही झालेली आहे, असं दिसलं तर तो तक्ता खोटा. आमच्याकडेही एकदा मला असा तक्ता सापडला. मी ओरडले नाही, त्या मावशीला विचारलं. तिच्याबरोबरची बाई दोन रात्री आलीच नव्हती आणि तिने ते घाबरून सांगितलं नव्हतं. खोटा तक्ता बहुतेक वेळा आळसाची नाही, कमी पडलेल्या माणसांची खूण असते. तुमच्यासाठी मात्र परिणाम तोच.

रात्रीच्या मावशीला, मालकांना नव्हे, आणखी एक विचारा: "शुगर एकदम कमी झाली तर काय करता?" घाम फुटला, बरळायला लागले, गार पडले, की ग्लुकोमीटरने तपासायचं, सत्तरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही द्यायचं नाही आणि १०८ ला फोन. एवढं जिला न अडखळता सांगता येतं तिला कुणीतरी नीट शिकवलेलं आहे. इन्सुलिन किती वाजता देतात आणि ताट किती वाजता येतं, हेही विचारून घ्या. साडेसातला इंजेक्शन आणि नऊला जेवण, हा प्रकार जीवघेणा आहे.

औषधांबद्दल दोनच गोष्टी. गोळ्या मूळ पाकिटांसकट, प्रत्येकाच्या नावाच्या डब्यात असाव्यात. नळीतून द्यायचं म्हणून सगळ्या गोळ्या एकत्र कुटत असतील तर डॉक्टरांना दाखवा, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. आणि झोपेची किंवा "शांत राहण्याची" नवी गोळी सुरू झाली तर कुठल्या डॉक्टरांनी, कशासाठी, किती दिवस, हे लेखी मागा. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना आवरण्यासाठी दिली जाणारी मनोविकारांवरची काही औषधं मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला आहे. कधी कधी ती द्यावी लागतात. पण रात्रपाळीला माणूस कमी आहे, हे ती देण्याचं कारण होऊ शकत नाही.

कागद आणि पैसे

आजारी माणसांना ठेवून शुश्रूषा करणाऱ्या जागांसाठी महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. पुष्कळ छोटी केंद्रं मात्र वृद्धाश्रम म्हणून, एखाद्या ट्रस्टच्या नावावर चालतात. तुमच्या माणसाला नाकातली नळी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, इन्सुलिन असं काही असेल तर नोंदणी नेमकी कशाची आहे ते विचारा, प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा. सिस्टर जीएनएम (नर्सिंगची पदविका घेतलेली) आहे की एएनएम (सहायक परिचारिका), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. मला कुणी विचारलं की मला बरंच वाटायचं.

अनामत रक्कम परत कधी आणि किती मिळणार, डायपर, फिजिओथेरपी, रुग्णालयात सोबत बसणारा माणूस यांचे पैसे वेगळे का, हे करारात लिहून घ्या. अंथरुणाला खिळलेली माणसं वरच्या मजल्यावर असतील तर आग लागल्यावर ती खाली कशी येणार, याचं उत्तर मागा. तातडीच्या वेळी कुठल्या रुग्णालयात नेणार, सोबत कोण जाणार, तुमचा फोन लागला नाही तर कुणाला करणार, तेही आधीच ठरलेलं असू द्या.

आणि मावशी किती वर्षांपासून आहेत ते विचारा. मालकांना नको, मावशींनाच. माझ्या मते केंद्राची खरी परीक्षा याच उत्तरात आहे. जिथे मावशी चार-पाच वर्षं टिकल्यात तिथे पगार वेळेवर होतो, आठवड्याची सुट्टी मिळते, बसून जेवायला जागा असते. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून दर पंधरा दिवसांनी नवी बाई येत असेल तर कुठल्या आजीला डाव्या कानाने ऐकू येतं आणि कुठले आजोबा गोळी गालात लपवतात, हे कुणालाच माहीत नसतं.

ठेवल्यानंतर

भेटायला जाल तेव्हा पहिली दहा मिनिटं गप्पांची, नंतरची दहा अंगाची. मावशीला सोबत घ्या, पडदा ओढा, आणि मोजे काढा. टाचा, घोटे, खुबे, माकडहाड, कोपरं, डोक्याची मागची बाजू, कानांच्या कडा. लाल दिसलं तर बोटाने दाबा. बोट उचलल्यावर तिथे क्षणभर पांढरं होऊन पुन्हा लाली आली तर रक्त फिरतंय. दाबूनही लाल ते लालच राहिलं तर ती जखमेची सुरुवात आहे. सावळ्या रंगावर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताला गरम, कडक किंवा पोचट लागतंय का ते बघा. त्या जागी तेलाने चोळू नका, आतली कातडी आणखी फाटते. मधे भोक असलेली गोल रबरी रिंगही नको. पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच हवेत राहील. त्या आजोबांनंतर आमच्याकडे प्रत्येक खाटेवर पोटरीची उशी आली, आणि संध्याकाळच्या ड्यूटीची पहिली नोंद "मोजे काढून पाय बघितले" ही झाली.

महिन्यातून एकदा वजन करायला लावा, उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजायला सांगा. महिन्याभरात शंभरातले पाच या हिशेबाने वजन उतरलं, म्हणजे साठ किलोचं माणूस सत्तावन्नवर आलं, तर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा. कधी कारण फार साधं असतं. आमच्याकडच्या एक आजी पंधरा दिवस भाकरी टाकत होत्या; त्यांची आणि शेजारच्या आजींची कवळी धुताना बदलली गेली होती. कवळीची डबी, चष्मा, कानातलं यंत्र, सगळ्यांवर नाव घाला.

डायपरचं पाकीट तुम्ही आणून देत असाल तर हिशेब ठेवा. दहाचं पाकीट आठवडाभर पुरलं तर आनंद मानू नका. एक डायपर दिवसभर अंगावर राहिला, असा त्याचा अर्थ.

मुलं अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, हे आता पुण्यात घरोघरी आहे. त्यांना मी सांगायचे, रविवारी सकाळी नऊचा ठरलेला व्हिडिओ कॉल करा, आई न्हाऊनमाखून बसलेली दिसेल, तेही तिला आवडतं. पण मधूनच एखाद्या बुधवारी फोन करा आणि सिस्टरला म्हणा, "जरा पाय दाखवता का?" चांगली सिस्टर रागावत नाही.

काही खटकलं तर मावशीला पेशंटसमोर बोलू नका. तुम्ही निघून जाता, त्यानंतर रात्रभर तुमच्या माणसाजवळ तीच असते. इन्चार्ज सिस्टरला बाजूला घ्या, काय दिसलं, कुठल्या तारखेला, एवढंच सांगा, फोटो काढून ठेवा, आणि काय बदल करणार आणि कधीपर्यंत ते लिहून मागा. तरी ऐकत नसतील, किंवा मारहाण, उपासमार अशी शंका आली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि जिवावरचं असेल तर ११२. एकदा पडणं कुठेही होऊ शकतं. त्यासाठी लगेच जागा बदलू नका, पडल्याचं तुम्हाला किती वेळात कळवलं ते बघा. लपवलं असेल तर मात्र सामान बांधा.

शेवटचं काम दाखल करतानाच करायचं, पण ते कुणी करत नाही म्हणून इथे वेगळं सांगते. तुमच्या माणसाबद्दल एक पान लिहून द्या. आजार नाहीत, ते फाइलमध्ये असतात. सवयी लिहा. चहा बशीतून लागतो की कपातून, कुठल्या कुशीवर झोप येते, कुणी काय हाक मारलेली आवडते, देवाचं काय म्हणतात, कशाची भीती वाटते.

हे मी शिकले ते माझ्या आईमुळे. तिला स्मृतिभ्रंश झाला, भावाला एकट्याला झेपेना, तेव्हा आम्ही तिला साताऱ्याच्या एका दहा खाटांच्या केंद्रात ठेवलं. आई रात्री चारला उठायची आणि गोठ्यात जायला निघायची. चाळीस वर्षं म्हशींची धार तिने त्याच वेळी काढली होती. पहिल्या आठवड्यात तिथून फोन आला, फार त्रास देतात, गोळी सुरू करू का? मी गाडी पकडून गेले आणि वहीचं एक पान लिहून तिच्या उशाशी चिकटवलं: नाव आक्का. चारला उठते. दोन म्हशी, चंद्री आणि काळी. रिकामी बसली की घाबरते, हाताला काम द्या.

महिन्याने मी रात्रीची मुद्दाम तिथेच राहिले. चारला आई उठली, चप्पल शोधायला लागली. रात्रीच्या मावशी उठल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "आक्का, चंद्रीची धार काढली मी, दूध चुलीवर हाय. तुम्ही तेवढा लसूण सोलून द्या, मला एकटीला व्हत न्हाई." आई खाटेवर बसली. मावशींनी तिच्या पाठीवर शाल घातली, पायाखाली पाट सरकवला आणि सूप मांडीवर दिलं. साडेपाचपर्यंत आई लसूण सोलत होती, आणि गोळीचं पाकीट कपाटात न फोडलेलं पडून होतं.